पट्टा काढून

मंगळवार तुला दिला होता, प्रभू,
सकाळी सहाला, कॉफी उकळायच्या आत.
दुपारी बारापर्यंत परत घेतला.
औषधांच्या दुकानात चुकीचा माल उतरला होता,
आणि थायरॉईडच्या गोळ्यांतलं
पंचवीस आणि पन्नास तुला कळतं की नाही,
खात्री वाटेना.

मी लेइडा. तुला ठाऊक आहे,
पण नाव सांगितल्याशिवाय मी फोनवरही बोलत नाही.
उद्याचा दिवस आदल्या रात्री चौकटीच्या वहीत लिहिते:
सव्वासहा, पावणेसात, सात वाजून दहा.
माझी शिंकसुद्धा वहीत नोंदवून घे,
असं नवरा म्हणायचा.
गेला तो मात्र न लिहिलेल्या वेळी,
दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर.

पाळक आरवो रविवारी उपदेश करतात,
सोमवारपासून ट्रॅक्टरने गावाचा बर्फ ओढतात.
त्यांना विचारलं, सोपवायचं म्हणजे नेमकं कसं?
टोपी झटकत म्हणाले,
"ते पार्सल नव्हे, लेइडाबाई. पोच मिळत नाही."
आणि गेले. शाळेचा रस्ता व्हायचा होता अजून.
मला राग आला.
पावतीशिवाय मी खोकल्याचं औषधही हलू देत नाही.

गुरुवारी पहाटे पलीकडून फोन.
भाऊ उर्मास. हृदयाची झडप. उद्या सकाळी टेबलावर.
फेरीबोटीचं इंजिन खोलून ठेवलेलं,
पण कित्येक हिवाळ्यांनी समुद्र पुरता गोठला होता,
आणि त्याच्यावरून रस्ता सुरू झाला होता.

हेल्टरमाच्या किनाऱ्यावर नारिंगी जाकिटातला पोरगा
खिडकीशी वाकून नियम सांगू लागला.
पट्टा काढा, वेळ आली तर दार चटकन उघडता यावं.
वाटेत थांबू नका.
पंचवीसच्या खाली चालवा, नाहीतर चाळीसच्या वर;
मधल्या वेगाला बर्फाखाली लाट उठते
आणि तीच बर्फ फोडते.

मधला वेग.
जन्मभर त्याच वेगाने आले मी, प्रभू,
थोडं तुझ्यावर, बरंचसं माझ्यावर.

पट्टा काढला
आणि गाडी टुणटुणायला लागली.
या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत
लाल दिवा, टुण, टुण, टुण,
कोणी माझंच मन डॅशबोर्डात बसवल्यासारखं.
दोन्ही बाजूंना बर्फात रोवलेल्या ज्युनिपरच्या फांद्या,
लांब एक म्हातारा बादलीवर बसलेला,
भोकात गळ सोडून. त्याने हात केला.
मी केला नाही, दोन्ही हात स्टिअरिंगला चिकटलेले.
खालून काहीतरी कण्हलं.
पाणी असेल. बर्फ असेल. मी असेन.

प्रार्थना सुरू केली:
सर्जनला रात्री झोप लागू दे, सकाळी पोटभर खाऊ दे,
भूल देणाऱ्या बाईंना गर्दी लागू नये,
साडेसातला उर्मासला...
तेव्हा कळलं, तुझ्या वहीत
मी माझ्या अक्षरात लिहितेय.

गप्प झाले.
टुणटुण गप्प झाली नाही.
भीती उतरून जाईल असं वाटलं होतं, उतरली नाही,
शेजारच्या सीटवर बसून राहिली.
तिच्यासकट पुढे गेले.
लहानपणी शिकलेल्या प्रार्थनेतला
एकच शब्द हाताला लागत होता, 'आज'.
आज. पुढची फांदी. आज. त्याच्या पुढची.

जमीन लागली ती चाकाला कळली, धस्स.
पट्टा लावायचं विसरले.
इस्पितळाच्या दारापर्यंत गाडी
मला रागावतच आली.

उर्मास जागा होता,
ओठ निळसर, दाढी वाढलेली.
"तू? आज तर तुझा साठा मोजायचा दिवस."
"हो," म्हटलं,
आणि खुर्ची ओढून बसले.
वही गाडीतच राहिली होती.